देगलूरच्या दगडाखाली

आमच्या देगलूरकडे जमिनीविषयी बोलणं निघालं की पूर्वी दोनच गोष्टी विचारल्या जात. रान काळं आहे का बरड, आणि पाणी किती परसांवर लागलं. त्याखाली काय असेल याची चौकशी कुणी करत नसे. विहिरी खणणाऱ्या जुन्या माणसांना मात्र थोडं जास्त ठाऊक होतं. उदगीरच्या अंगाला सुरुंग लावला की काळा पाषाण निघे, बारीक पोताचा, मधूनच पांढऱ्या गारगोटीसारख्या गाठी असलेला. पूर्वेला बिलोली आणि मांजरेच्या बाजूला गेलं की दगडाची जातच बदले. तांबूस-करडा दगड, फोडला की आत तीन रंगांचे कण: गुलाबी, काचेसारखे आणि मधूनमधून काळे चकचकीत. पहार मारल्यावर दोन्ही दगडांचा आवाज वेगळा येतो, हे मी लहानपणी एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या तोंडून ऐकलं. तो डोळे मिटून आवाजावरून दगड सांगायचा.

त्या म्हाताऱ्याला जे हाताला आणि कानाला कळत होतं, त्याचा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी कळला. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. पश्चिमेला हे थर जाड आहेत आणि पूर्वेकडे येता येता ते पातळ होत जातात. कोयनेजवळ गोठणे इथे संशोधनासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा काळा पाषाण सव्वा किलोमीटरपर्यंत पुरला. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीत तशाच एका भोकात तो ३३८ मीटरवर संपला. आमच्या देगलूर-बिलोलीच्या पट्ट्यात तो संपतच येतो आणि त्याखालचा जुना ग्रॅनाइट उघड्यावर येतो. हा दगड सुमारे अडीच अब्ज वर्षांचा मानला जातो. म्हणजे किल्लारीत जो पाया बघायला यंत्र लावावं लागलं, त्याच्याच जातीच्या दगडावर आमच्याकडची पोरं बसून बोरं खातात.

तेव्हा हे कुणी आम्हाला सांगितलं नाही. शाळेत शिकलो ते एवढंच, की दख्खन म्हणजे फार जुनी, घट्ट आणि न हलणारी जमीन. भूकंप हिमालयात होतात, जपानात होतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना हादरलं, पण त्याचं खापर धरणावर फुटलं आणि आम्ही पुन्हा निवांत झालो. घरात आजी म्हणायची, शेषानं मान हलवली की भुई हालते. आजीचं म्हणणं आणि भूगोलाचं पुस्तक यांचं एका गोष्टीवर एकमत होतं: आमच्या भागाला भीती नाही. सरकारी नकाशाही तेच सांगत होता. १९९३ साली किल्लारीचा परिसर भूकंपाच्या नकाशात झोन एकमध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या रंगात.

आणि आमची घरं त्या विश्वासावर बांधलेली होती. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन-अडीच हात रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती, आत लाकडी खांब आणि तुळयांचे खण, तुळयांवर किलचा, त्यावर पाला-पाचट आणि सगळ्यांच्या वर पांढरी माती. उन्हाळ्यात दुपारी आत शिरलं की अंग निवायचं. रात्री सगळं घर माळवदावर झोपायला जायचं. कुरडया-पापड तिथेच वाळायचे, लग्नातली आचाऱ्यांची भांडीसुद्धा तिथेच पालथी पडायची. शेजारच्या माळवदावर बोलणं चालू असलं की आपण इकडून हुंकार भरायचा. त्या घरांसारखं सुख मला सिमेंटच्या स्लॅबखाली मिळालेलं नाही, आणि हे मी आजही मनापासून म्हणतो. पण मृगाच्या आधी दरसाल गळती थांबवायला पांढऱ्या मातीचा एक नवा थर पडायचा. जुना कुणी काढत नसे. बापाच्या काळचा थर, आज्याच्या काळचा थर, असं ओझं डोक्यावर चढत जायचं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीजवळ जमीन फाटली. तीव्रता ६.२. खोली दहा किलोमीटरच्या आतच, आणि हीच खोली घातक ठरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं भुईसपाट झाली. सरकारी आकडा आठ हजार मृतांच्या जवळ थांबतो, इतर नोंदी दहा हजारांच्या जवळ जातात. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, पेठसांगवी, राजेगाव ही नावं त्यानंतर आमच्याकडे हळू आवाजात घेतली जाऊ लागली. कित्येक वाड्यांत लाकडी खण उभे राहिले आणि भिंती मात्र आत कोसळल्या. माणसं दगड आणि पांढऱ्या मातीखाली गुदमरून गेली.

देगलूर तिथून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. आमच्याकडे आधी भांड्यांची थरथर झाली, मग थोड्या वेळाने खरा हेलकावा आला. "हलायलंय, बाहेर या!" अशी ओरड गल्लीभर झाली. मधला तो थोडा वेळ म्हणजे काय, हे मी पुढे शाळेत पोरांना गणित घालून शिकवू लागलो. पहिली लहर दाबाची. ती कवचातल्या खडकातून सेकंदाला सहाएक किलोमीटर धावते. दुसरी लहर आडवी हलवणारी. तिचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास. पहिली वीसेक सेकंदांत आमच्या दारात आली, दुसरी तिच्यामागून बारा-पंधरा सेकंदांनी. भूकंपाचं ठिकाण शोधायची सगळी विद्या या मागे-पुढे येण्यावर उभी आहे.

किल्लारीहून निघालेली लहर आमच्याकडे आली ती भूकवचातूनच, वरच्यावर. पुण्याच्या वेधशाळेकडे गेलेल्या लहरींची गोष्ट निराळी. पुणं किल्लारीपासून तीनशे किलोमीटरच्या घरात. एवढं अंतर असलं की एक लहर कवच भेदून खाली उतरते, आपल्या भागात पस्तीस-चाळीस किलोमीटर खोलीवर प्रावरणाच्या माथ्याला लागते, तिथल्या घट्ट खडकातून सेकंदाला आठ किलोमीटरने धावते आणि वर येते. रस्ता लांबचा, तरी पोचते सगळ्यांच्या आधी. हाच चमत्कार १९०९ साली झाग्रेबजवळच्या भूकंपात आंद्रिया मोहोरोव्हिचिच यांनी ओळखला. कवच कुठे संपतं आणि प्रावरण कुठे सुरू होतं ती हद्द त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कुणी तिथवर खणून गेलेलं नाही. माणसाने पाडलेलं सर्वांत खोल भोक रशियातल्या कोलाचं, १२,२६२ मीटर. प्रावरण तर जवळपास २,९०० किलोमीटर खोलवर पसरलेलं आहे, आणि पृथ्वीच्या आकारमानातला चौऱ्याऐंशी टक्के भाग त्याचाच आहे.

मग न बघता हे कळतं कसं? आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला ते समजवायला फार लांब जावं लागत नाही. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कच्चं मडकं आणि पक्कं मडकं ओळखलं, ही गोष्ट आपण पाळण्यात ऐकली आहे. भूकंपशास्त्रज्ञही तेच करतात. थापटणं निसर्ग मारतो, ते आवाज ऐकतात. कुठे लहर जलद गेली तर तिथला खडक थंड आणि घट्ट, कुठे रेंगाळली तर तिथला खडक गरम आणि मऊ. जिथे आडवी लहर पुढे जातच नाही, तिथे द्रव. याच युक्तीने १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मिळाला, आणि तो मांडणारा रिचर्ड ओल्डहॅम हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरी करून गेलेला माणूस होता. १२ जून १८९७ च्या आसामच्या भूकंपाचा अभ्यास करतानाच त्याने लहरींचे निरनिराळे प्रकार वेगळे काढले होते. पुढे बेनो गुटेनबर्ग यांनी प्रावरणाचा तळ मोजला, आणि १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेहमान या बाईंनी गाभ्याच्या आतला घट्ट गाभा शोधला. त्यांच्या वेळी संगणक नव्हते. कागदावर उमटलेल्या रेघा आणि हाताने केलेली आकडेमोड, एवढ्यावर हे झालं.

आपल्याकडे मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८९८ मध्ये भूकंपमापक बसला. साठच्या दशकात अणुस्फोटांवर नजर ठेवायला जगभर सारखी यंत्रं बसवली गेली, त्यांतलं एक पुण्याला आलं. त्या काळच्या यंत्रांत ढोलाला गुंडाळलेला कागद हळूहळू फिरायचा आणि चोवीस तासांची एक रेघ उमटायची. रोज कागद बदलायचा, त्यावर तारीख घालायची, रेघ वाकडी झाली असेल तर मोजपट्टी लावायची. एका ठिकाणची नोंद दुसरीकडे टपालाने जायची. आणि सबंध मराठवाड्याकडे तर कुणी कान लावून बसलेलंच नव्हतं. ऑक्टोबर १९९२ मध्ये किल्लारीला लहान धक्के बसले, माणसं घाबरली, उघड्यावर झोपली. मग धक्के विरले आणि माणसं पुन्हा माळवदाखाली गेली.

किल्लारीनंतर सगळं बदललं. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आमच्या देगलूरहून मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. हर्ष गुप्ता तेव्हा तिचे संचालक होते. संस्थेची माणसं यंत्रं घेऊन किल्लारीच्या पडक्या गावांत आली. जर्मनीच्या पोट्सडामहून तिथल्या भूविज्ञान केंद्राचं पथक आलं. मागाहून येणाऱ्या लहान धक्क्यांची नोंद झाली. ६१७ मीटर खोल भोक पाडून पायाचा दगड वर काढला गेला. सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन या दांपत्याने तर तेरला जाऊन जुन्या बांधकामांत दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या खुणा दाखवल्या. म्हणजे न हलणारी म्हणून जी जमीन आम्हाला शिकवली, ती गोरोबाकाकांच्या गावात त्यांच्याही कितीतरी आधी हललेली होती.

त्याच हैदराबाद आणि पोट्सडामच्या लोकांनी २००७ मध्ये 'नेचर'मध्ये एक काम मांडलं. प्रकाश कुमार हे त्याचे पहिले लेखक. दूरदूरच्या भूकंपांच्या लहरी आपल्या भूखंडाच्या तळाशी आल्या की थोड्या रूप बदलून वर येतात, त्यावरून त्यांनी तळाची खोली मोजली. निष्कर्ष असा, की एकेकाळी आपल्याला जोडलेले आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका यांचे तळ १८० ते ३०० किलोमीटर खोल आहेत, भारताचा मात्र शंभरेक किलोमीटरच. प्रावरणातून उठलेल्या उष्णतेने तळ झिजला, भूखंड हलका झाला आणि वर्षाला अठरा-वीस सेंटिमीटरच्या वेगाने उत्तरेला धावला, असं त्यांचं म्हणणं. हे सगळ्यांना पटलेलं नाही. इतरांच्या मोजणीत तळ अधिक खोल निघतो. मला स्वतःला हा वादच फार मोलाचा वाटतो, कारण माझ्या लहानपणी या प्रश्नावर वाद घालायला माहितीच नव्हती.

२०२३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या देबांजन पाल आणि अत्रेयी घोष यांनी आणखी एक कोडं हाती घेतलं. श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्राची पातळी सरासरीपेक्षा १०६ मीटर खाली दबलेली आहे, कारण तिथलं गुरुत्वाकर्षण कमी पडतं. १९४८ पासून ही गोष्ट ठाऊक होती. त्यांनी चौदा कोटी वर्षांचा प्रवाह संगणकावर चालवून पाहिला आणि आफ्रिकेखालच्या खोल भागातून सरकत आलेलं गरम, हलकं द्रव्य हे कारण सांगितलं. भारत उत्तरेला सरकताना गिळला गेलेला जुना टेथिस समुद्राचा तळ प्रावरणात खोल बुडाला आणि त्याने ते द्रव्य ढवळून वर काढलं. आमच्या पायाखाली हजारो किलोमीटरवर असं सगळं हळूहळू चाललेलं आहे. पन्नास वर्षांपूर्वी मला कुणी हे सांगितलं असतं तर मी दुसरं काही शिकलोच नसतो.

आणखी एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रावरणातला दगड हातात घेता येतो, आणि तोही आपल्या शेजारी. नारायणपेठ म्हटलं की आपल्या बायकांना साडी आठवते. त्याच नारायणपेठच्या रानात, आज तेलंगणात असलेल्या, किंबर्लाइट नावाचा खडक आहे. फार पूर्वी खोल प्रावरणातून तो स्फोटासारखा वर आला आणि येताना तिथले दगड पोटात घेऊन आला. हिरेसुद्धा याच जातीच्या खडकातून वर येतात. आमच्या घरातल्या बायका वर्षानुवर्षं नारायणपेठी नेसत आल्या, पण त्या गावच्या जमिनीची ही कथा घरात कुणाला माहीत नव्हती.

आता फोनवर सगळं येतं. १० जुलै २०२४ च्या सकाळी सव्वासातच्या सुमाराला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. थोड्याच वेळात केंद्र कुठे, खोली किती, हे 'भूकंप' नावाच्या सरकारी अ‍ॅपवर आणि मग प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. त्याच वर्षी मार्चमध्येही असंच झालं होतं. नांदेड शहराने तर २००६ नंतरच्या काही वर्षांत जमिनीखालचे गडगडाट आणि बारीक धक्के इतक्यांदा अनुभवले की हैदराबादच्या संस्थेला तिथे यंत्रं लावावी लागली. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग आहे. विद्यापीठच किल्लारीनंतर वर्षभराने, १९९४ मध्ये सुरू झालं. २००२ मध्ये नकाशातला तो निर्धास्त झोन एक काढूनच टाकला आणि लातूर झोन तीनमध्ये गेलं. फुकट मिळालेल्या खात्रीत वाढलेल्या आमच्या पिढीला जी माहिती मिळाली नाही, ती आजच्या पोरांना पहिल्या दिवसापासून मिळते आहे. मला याचा आनंद आहे.

हरवलं आहे ते दुसरं काही. विहीर खणायला दोन-दोन उन्हाळे लागत आणि तोवर गावातलं प्रत्येक पोर काठावर उभं राहून जमिनीचे थर बघे. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग पाषाण. थर तोंडपाठ असायचे. आता बोअरची गाडी रात्री येते, सकाळपर्यंत पाचशे फूट जाऊन निघून जाते. मागे उरतो भुकटीचा ढीग, कुठे काळपट, कुठे तांबूस-पांढरा. दोन दिवसांनी तो रस्त्यावर पसरला जातो. पाणी लागलं की नाही एवढंच विचारलं जातं. किल्लारीचं भोक दोन हजार फुटांचं होतं आणि त्यातल्या दगडाचा तुकडान् तुकडा जपून ठेवला गेला, अभ्यासला गेला. देगलूर तालुक्यात त्याच्या पाव खोलीची भोकं शेकडो पडली असतील आणि त्यांतल्या एकाचीही वही कुणाकडे नाही. काळा पाषाण कुठे संपतो आणि जुना दगड कुठे लागतो, याची रेघ आपल्या गावांतून जाते, आणि ती काढायला लागणारी सगळी माहिती आपण रस्त्यावर टाकत आलो.

माळवदंही गेली, पण सगळी नाहीत. वाड्या-तांड्यांवर, जुन्या पेठेत, म्हातारी माणसं राहतात त्या घरांवर अजून ती आहेत. ती पाडा असं मी म्हणणार नाही. त्या घरांवर माझा जीव आहे. पण यंदा पावसाआधी नवी पांढरी माती टाकण्यापूर्वी जुने थर आधी उतरवा. भिंतीचं दोन्ही बाजूंचं बांधकाम आरपार दगड घालून एकमेकांत जोडून घ्या. खिडकी-दरवाज्यांच्या वरून घराभोवती सिमेंट-सळईची अखंड पट्टी फिरवा. जिथे म्हातारं माणूस झोपतं त्या खणाकडे आधी बघा. आणि शाळेतल्या माझ्या शिक्षक मित्रांनो, यापुढे गावात बोअर पडेल तेव्हा पोरांना वही घेऊन पाठवा. किती फुटांवर भुकटीचा रंग बदलला एवढंच लिहून घ्यायचं, आणि मूठभर भुकटी पुडीत बांधून वर गावाचं नाव आणि तारीख घालायची.